अडतीस चित्रं, एक हात

इचलकरंजीतल्या एका शाळेत दहावी ‘ब’च्या अडतीसच्या अडतीस मुलांना एकाच मंगळवारी कंपवात झाला. वेळ सकाळी अकरा दहा. तास इतिहासाचा. त्यामुळे सुरुवातीला कुणाला फारसं दुःख झालं नाही.

आरोग्य पथकाची गाडी थेट मैदानात येऊन खो-खोच्या खांबाला खेटून उभी राहिली. डॉक्टरांच्या हातात परीक्षा मंडळाचा अहवाल होता : ‘सदर वर्गातील सर्व विद्यार्थ्यांच्या हातास वार्धक्यातील कंप आढळून आला आहे. तातडीने तपासणी व्हावी.’ डॉक्टरांनी मुलांना रांगेत उभं केलं, हात पुढे पसरायला लावले, पंज्यावर कागद ठेवून तो हलतो का पाहिलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं.

“डॉक्टर, कवळी पण आत्ताच देणार काय?” तौफिक मोमीननं विचारलं. “म्हणजे परत हेलपाटा नको.”

“हात पुढे कर.”

“करतो की. पण वयामुळं जरा वेळ लागंल.”

तासाभरात निकाल लागला. अडतीस मुलं ठणठणीत. सात जणांची नखं घाण. एकाला स्वतःचं नाक सापडलं नाही, पण वर्गशिक्षकांच्या मते तो पाचवीपासून तसाच होता.

रांगेत ऊर्मी हावळ शेवटून तिसरी होती. हात पसरून उभी असताना तिचं लक्ष व्हरांड्याकडे गेलं. चित्रकलेचे बुगडे सर कपबशी घेऊन ही जत्रा बघत उभे होते. कप बशीवर वाजत होता. बारीक, नेमका, न थांबता. सरांनी कप उचलला तसा आवाज थांबला. आता नुसती बशी हलत होती, आणि सर तिच्याकडे असं बघत होते की जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

ऊर्मीनं पटकन नजर वळवली.

“तुझा हात थरथरतोय,” डॉक्टर म्हणाले.

“भीतीनं,” ती म्हणाली. ते खरंच होतं.

हा घोळ समजायचा तर त्या वर्षीचं यंत्र समजून घ्यायला हवं.

तोपर्यंत चित्र काढणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट झाली होती. कुणीही फोनला ‘संध्याकाळ, गाई, धूळ’ एवढं सांगावं आणि तीन सेकंदांत चाळीस गाई घ्याव्यात. सगळ्या शाळांचे कला प्रकल्प इतके सुंदर यायला लागले, की परीक्षकांना शिसारी आली. मग मंडळानं फर्मान काढलं : चित्र कागदावर, पेन्सिलीनं, स्वतःच्या हातानं. आणि तो हात ओळखायला ‘हस्तसाक्षी’ नावाचं यंत्र आणलं.

त्यामागचं शास्त्र साधं होतं. जिवंत माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. स्नायू सतत ताणले जात असतात, मज्जातंतू त्यांना सतत सावरत असतात, आणि या ओढाताणीत तरुण, निरोगी हात सेकंदाला आठ ते बारा वेळा हलतो. डोळ्यांना ते दिसत नाही, कागदाला कळतं. पेन्सिलीची रेघ भिंगाखाली धरली तर ती रेघ नसतेच, दाट-विरळ ठिपक्यांची माळ असते. शिसं कागदाच्या तंतूंवर कसं घासलं गेलंय यावरून हस्तसाक्षी रेघेचा वेग काढायची, आणि वेगावरून त्या हाताची थरथर. अंगठ्याच्या ठशासारखीच, दोन माणसांची थरथर एक नसते. शिवाय म्हातारपणी, विशेषतः कंपवातात, हा ठेका मंदावतो. सेकंदाला चार ते सहा.

दहावी ‘ब’चा ठेका आला होता पाच. सगळ्यांचा. चित्र ज्याचं त्यानंच काढलंय अशी समजूत यंत्र बनवणाऱ्यांनी करून दिल्यामुळे, चित्रातली सर्वांत ठळक रेघ ज्या हाताची तो चित्राचा मालक, असं हस्तसाक्षी धरून चालायची. इचलकरंजीतल्या चित्रांत सर्वांत ठळक रेघ कुणाची असते, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार?

ती बुगडे सरांची असायची. याला शाळेत ‘हात फिरवणं’ म्हणत. मुलानं चित्र ऐंशी टक्क्यांवर आणायचं आणि बोट वर करायचं. सर यायचे, “सरक” म्हणायचे, बाकावर टेकायचे आणि पेन्सिल काढून घ्यायचे. एक गडद कड, दोन सावल्या, कोपऱ्यातली पोकळी भरून टाकायची. दोन मिनिटांत मेलेलं चित्र उठून बसायचं. एकतीस वर्षं हे चाललं होतं. यात लबाडी आहे असं मुलांना, पालकांना, मोठ्या बाईंना, खुद्द सरांना कधी वाटलं नव्हतं. आमटीला फोडणी दिली म्हणून कुणी स्वयंपाकात कॉपी केली म्हणतं का?

गुरुवारी मंडळाच्या आरेकर मॅडम स्वतः यंत्र घेऊन आल्या. शिवणयंत्राएवढी पेटी, वर काच. आवाज बाईचा, अतिशय मऊ.

“मुलं निरोगी आहेत, म्हणजे चित्रं मुलांची नाहीत,” मॅडम वर्गासमोर म्हणाल्या. “सगळ्या चित्रांवर एकच हात आहे. तो कुणाचा, हे मला शनिवारपर्यंत कळलं पाहिजे. शनिवारी प्रत्येकानं माझ्यासमोर एक रेघ ओढायची आणि विचारलेल्याचं उत्तर द्यायचं. हात कुणाचा ते एकानं जरी सांगितलं, तर वर्गाला फेरपरीक्षा. त्या माणसावर कारवाई. कुणीच नाही सांगितलं, तर अडतीसही चित्रं बेवारस म्हणून रद्द.”

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका कुडचे, खुर्चीत नुसत्याच हलल्या. भिंतीला टेकून उभे असलेले बुगडे सर म्हणाले, “मी कुणाच्या चित्राला हात लावलेला नाही.”

दोन्ही हात त्यांनी पँटच्या खिशात घातले होते.

अडतीस मुलं एकदम खाली बघायला लागली. ऊर्मीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. पुण्याजवळ विणकामाच्या डिझाइनची एक निवासी शाळा होती, अकरावीपासूनची. तिथं जायचं तर दोन कागद लागत : कला प्रकल्पात ‘अ’ श्रेणी आणि हस्तसाक्षीचा स्वहस्त दाखला. हे दोन कागद नसले तर पुढे काय, तेही ठरलेलं होतं. आत्याच्या कारखान्यात टॉवेल मोजायचे. आत्या प्रेमळ होती, टॉवेल चांगले होते, आणि त्या नुसत्या विचारानंच ऊर्मीला झोप यायची.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती चित्रकलेच्या खोलीत गेली. सर एकटेच पेन्सिलींना टोक करत बसले होते. ब्लेड उजव्या हातात, आणि उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलेलं. मग पेन्सिल कशात धरली होती? गुडघ्यांत.

“सर.”

“मधल्या सुट्टीत डबा खावा.”

“सर, ते यंत्र म्हणतंय तो ठेका... तुमचा कप वाजतो ना, तसाच आहे.”

सरांनी ब्लेड खाली ठेवलं. “चहा जास्त होतो माझा.”

“सर, तुम्हीच सांगितलं तर...”

“काय सांगू?” आवाज चढला नाही, उलट उतरला. “आठ महिने राहिलेत माझ्या नोकरीचे. एकतीस वर्षं या खोलीत काढली. शेवटच्या पानावर ‘फसवणूक’ लिहून घरी जाऊ? आणि हा हात...” ते थांबले. “मी कुणाच्या चित्राला हात लावलेला नाही. तुझ्याही नाही. जा.”

“माझं ॲडमिशन आहे सर.”

“मग तू सांग. थांबवलंय कुणी? जा, सांग. पाचवीत तुला वर्तुळ येत नव्हतं, तेही सांग.”

ती दारापर्यंत गेली. मागून ब्लेड फरशीवर पडल्याचा आवाज आला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलेलं सरांना आवडलं नसतं.

मैदानात तौफिकनं वर्गाची सभा घेतली होती. त्याच्याकडे योजना होती. तौफिकच्या योजना मोठ्या असत आणि शेवटी कुणाच्या तरी पायाला लागे.

“सोपं हाय. मशीन म्हणतंय आमचा हात थरथरतोय, तर थरथरूया की! उद्या रेघ ओढताना सगळ्यांनी हात हलवायचा. सेकंदाला पाच. मी रात्री घड्याळ लावून सराव केलोय. म्हणजे चित्रं आमचीच ठरतील.”

“आणि डॉक्टरांनी तपासलं त्याचं काय?” ऊर्मीनं विचारलं.

“त्यांना म्हणायचं, येतो-जातो. हवामानावर हाय.”

“हे नाही चालणार.”

“मग तू सांगणार काय सरांचं नाव?” तौफिक आता हसत नव्हता. “सांग की. त्यांनीच नववीत माझी फी भरलीय, तेवढं पण सांग.”

सदतीस जणांच्या नजरा तिच्यावरून एकेक करून निघून गेल्या.

शनिवारी वर्गात बाक भिंतीला लावले होते. मध्ये टेबल, टेबलावर यंत्र. बुगडे सरांना मॅडमनी मुद्दाम बसवून घेतलं होतं. ते शेवटच्या बाकावर, हात मांड्यांखाली दाबून बसले होते, थंडी वाजणाऱ्या मुलासारखे.

पहिला तौफिक. त्यानं पेन्सिल घेतली आणि कढईत भजी हलवावीत तशी रेघ ओढली.

“हेतुपुरस्सर थरथर,” हस्तसाक्षी मऊ आवाजात म्हणाली. “ठेका अस्थिर. चार, सात, तीन, नऊ. विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे प्रयत्न करावा.”

आजारातली थरथर घड्याळासारखी असते. नाटकातली वरातीतल्या बँडसारखी. हे योजनेत नव्हतं. तरी दुसरा आला, त्यानंही हलवली. तिसरीनं इतकी हलवली की कागद फाटला. यंत्र प्रत्येक वेळी त्याच मायेनं म्हणत होतं, “विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे प्रयत्न करावा.” कुणीच हसत नव्हतं. मॅडम प्रत्येकाला विचारत, “दुसरा हात कुणाचा?” आणि प्रत्येक जण म्हणे, “माहीत नाही मॅडम.” मॅडम यादीवर फुली मारत. बावीस फुल्या झाल्या. तेवीस. चोवीस.

“ऊर्मी हावळ.”

ती बसली. पेन्सिल धरली. तिनं साधी रेघ ओढली, रोज ओढते तशी.

“ठेका दहा,” हस्तसाक्षी म्हणाली. “निरोगी. चित्राशी जुळणी, एकसष्ट टक्के.”

वर्गात कुजबुज झाली. मॅडमनी पहिल्यांदा चष्म्यावरून पाहिलं. “एकसष्ट तुझं. उरलेलं एकोणचाळीस कुणाचं?”

ऊर्मीला वाटलं होतं, एकसष्ट ऐकून बरं वाटेल. उलट वाटलं, एवढंच? ज्या चित्रासाठी ती स्वतःला हुशार समजत होती, त्यातल्या तिला आवडणाऱ्या सगळ्या जागा एकोणचाळिसात होत्या.

“मी विचारलं, कुणाचं?”

मागच्या बाकावर काही हललं नाही.

“बुगडे सरांचं,” ऊर्मी म्हणाली. “पण ती फसवणूक नाही मॅडम. आम्ही बोट वर करायचो. आम्हीच बोलवायचो त्यांना. आणि सरांना बरं नाहीये. त्यांच्या हाताला बरं नाहीये, आणि ते कुणाला सांगत नाहीयेत.”

“ए गप की!” तौफिक ओरडला.

शेवटचा बाक करकरला. सर चालत टेबलापाशी आले. ऊर्मी उठायच्या आत त्यांनी “सरक” म्हटलं, आणि ती सवयीनं सरकली. सरांनी पेन्सिल घेतली. हवेत असेपर्यंत तिचं टोक नाचत होतं. कागदाला टेकताच शांत झालं. त्यांनी एक रेघ ओढली. बघणाऱ्याला ती पट्टीनं ओढल्यासारखीच वाटली असती.

“ठेका पाच,” हस्तसाक्षी म्हणाली. “जुळणी, अडतीसपैकी अडतीस चित्रे.”

“पैकीच्या पैकी,” सर म्हणाले. “आयुष्यात पहिल्यांदा.”

यंत्रातून एक चिठ्ठी निघाली. मॅडमनी ती वाचली आणि बराच वेळ कुणाला दिली नाही. मग सरांच्या हातात ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं : मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

त्याच दुपारी सर निलंबित झाले. फाटकापाशी ऊर्मी उभी होती. त्यांची पिशवी घ्यायला तिनं हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

“तुला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“मला दीड वर्षापूर्वी.” ते रस्त्याकडे बघत होते. “कागदावर टेकला की थांबायचा गं. म्हणून टेकवत राहिलो. पोरांची चित्रं काय, निमित्त.”

“सर, फेरपरीक्षेत शेवट कसा करायचा? आम्ही कुणीच कधी...”

“मला काय विचारतेस? दहा हजार चित्रं संपवली असतील मी. सगळी दुसऱ्यांची. स्वतःचं एकसुद्धा पूर्ण नाही माझं.” रिक्षा आली. ते बसले आणि निरोप न घेता गेले.

आठ दिवसांनी फेरपरीक्षा झाली. चार तास, एक कागद, विषय : साडीच्या काठाचं संकल्पचित्र.

पहिले तीन तास सुरळीत गेले. मग वर्गात एक चमत्कारिक शांतता पसरली. अडतीस चित्रं ऐंशी टक्क्यांवर येऊन थांबली होती. एका मुलीनं सवयीनं बोट वर केलं, कुणी येईना, तसं तिनं ते केसांत घातलं. तौफिक आपल्या चित्राकडे, बंद पडलेल्या मोटारसायकलकडे बघावं तसा बघत होता. संपवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या वर्गाला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

ऊर्मीनं विजेचे दोन खांब काढले होते, मधे झोल पडलेली तार, तारेवर सात वेडे राघू. सहा समोर बघणारे, एक पाठमोरा. हा एवढा तुकडा तिनं जीव लावून काढला होता. पिसन् पीस जागेवर होतं. पण उजवीकडचा तीन चतुर्थांश कागद कोरा, आणि घड्याळात पंचवीस मिनिटं.

तिनं घाईघाईनं तिसरा खांब काढायला घेतला. खांब वाकला. पहिला पक्षी कोंबडीसारखा आला. तळव्याला घाम सुटला, कागदावर डाग पडला. सर असते तर ‘सरक’ म्हणाले असते आणि दोन मिनिटांत सगळा काठ भरून टाकला असता. ती पक्षी खोडायला लागली. पंधरा मिनिटं. पुन्हा काढला. पुन्हा कोंबडी. आत्याचे टॉवेल डोळ्यांसमोर घड्या घालून उभे राहिले.

तिनं खोडरबर खाली ठेवला. कागद उचलला, कोरा भाग मागं दुमडला, आणि उरलेला तुकडा नळीसारखा गोल वळवला. उजवा खांब डाव्या खांबावर येऊन बसला. तार तारेला मिळाली. कुठे सांधा दिसेना. नळी बोटांत फिरवली, तर राघू संपेचनात.

मग वाकलेला खांब आणि कोंबडी नीट, स्वच्छ खोडून टाकली आणि कागद नेऊन दिला.

“दहा मिनिटं आहेत अजून,” आरेकर मॅडम म्हणाल्या.

“झालं मॅडम.”

“हे?”

“हो. झालं.”

हस्तसाक्षीनं कागद तपासला. “हात एक. ऊर्मी हावळ. शंभर टक्के.” यंत्राचं काम तिथं संपलं, श्रेणी माणसानं द्यायची होती. मॅडमनी कोऱ्या भागावरून हात फिरवला, मान हलवली आणि लिहिलं : ब. अपूर्ण.

ऊर्मी व्हरांड्यात आली. तौफिकचा फोन मागितला. त्या प्रसंगानंतर तो तिच्याशी बोलत नव्हता, पण फोन दिला, न बोलता. तिनं सरांना लावला. ते मिरजेला डॉक्टरांच्या दारात बसले होते. मागून कुणीतरी नंबर पुकारत होतं.

“बोल.”

“सर, ब मिळाला.”

“का?”

“अपूर्ण म्हणाल्या.”

“आहे का अपूर्ण?”

“नाही सर.”

“नक्की? माझं तोंड बघून सांगू नकोस. नाहीतरी दिसत नाहीये.”

“नक्की.”

“मॅडम गेल्या?”

“पेटी गाडीत ठेवतायत.”

“मग मला फोन कशाला करतेस? जा, भांड.” आणि त्यांनी फोन ठेवला.

ऊर्मी धावत मैदानात गेली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती.

“मॅडम, माझं चित्र पूर्ण आहे.”

“बाळ, पाऊण कागद कोरा आहे.” मॅडमचा आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. “काठ म्हणजे काठ दिसायला नको?”

“मॅडम, तुमच्या साडीचा काठ केवढा लांब आहे?”

“साडीएवढा. सहा वार. का?”

“आणि त्यातलं डिझाइन केवढं लांब आहे?”

मॅडमनी काठाकडे पाहिलं. पदर पुढे घेतला. काठावर बोट टेकवलं : कोयरी, पान, वेल, वेलीला फुटलेलं फूल, पुन्हा पान. बोट सरकत गेलं आणि एका जागी अडलं. तिथून पुन्हा तीच कोयरी सुरू होत होती.

“चार बोटं,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“काढणाऱ्यानं तेवढंच काढलं होतं. बाकीचं विणताना मागानं केलं.” ऊर्मीला धाप लागली होती. “तो अपूर्ण होता का?”

मॅडमनी फाइलमधून कागद काढला. गाडीच्या बॉनेटवर ठेवून कोरा भाग मागं दुमडला, आणि खांबाला खांब लावून पाहिला. एकदा. मग पुन्हा एकदा.

“गाडी बंद कर रे,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण काढलं.